दिसायचं स्टूल आणि बसायचं स्टूल

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खरं तर माझ्या खोलीत साष्टांग घालण्याइतकी जमीन उरलेली नाही. पुठ्ठे, थर्माकोल आणि रंगाचे डबे यांनी ती बळकावली आहे. तेव्हा पलंगावर मांडी घालूनच केला आहे, गोड मानून घे.) तुझ्या पोटऱ्या कशा आहेत? संध्याकाळी पाय सुजायचे ते कमी झालं का, की अजून "वय झालं गं" म्हणून उडवून लावतेस? चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांनी दिवसभर गादीच्या बाकांवर बसायचं आणि तू उभं राहायचं, यात वयाचा काय दोष? हे फोनवर विचारलं असतं, पण आमच्या भिंती तुला ठाऊक आहेत. इकडे शिंकलं की पलीकडून बाबा औषधाचं नाव सांगतात. आणि आज जे सांगायचं आहे ते बाबांच्या कानावर इतक्यात पडायला नको.

मी प्रॉडक्ट डिझाइनला जाते म्हटल्यावर घरात कोणाला काही उमगलं नव्हतं, हे तुला आठवत असेल. बाबांनी मग लोकांना सांगायला एक वाक्य बसवलं: "ती वस्तू काढते." कुठून काढते, हे कोणी विचारलं नाही. पहिल्याच वर्षी शेजारच्या काकू बिघडलेला मिक्सर घेऊन आल्या. मी तो मोठ्या थाटात उघडला. (परत जोडायचं कसं, ते आम्हाला शेवटपर्यंत शिकवलं नाही. काकू अजून जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघतात.) कॉलेजात आमच्या एक मॅडम होत्या, त्यांना आम्ही का-बाई म्हणायचो. हा कोपरा गोल का? छान दिसतो म्हणून. छान का दिसायला हवा? असं करत त्या माणसाला अशा जागी नेऊन सोडायच्या की आपण जन्माला तरी का आलो, हेही सांगता येऊ नये. बाकीच्या मुली रडायच्या. मी आधी वाद घालायचे आणि मग रडायचे, म्हणजे मला दुप्पट वेळ लागायचा. पण आत्या, मला ते सगळं मनापासून आवडलं. साध्या तांब्याच्या कडेवर आठवडा घालवणारी माणसं जगात आहेत आणि मी त्यांच्यातली आहे, हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

शेवटच्या प्रकल्पाला मी स्टूल घेतलं. कोणामुळे, ते तुला सांगायला नको. दुकानात उभं राहून काम करणाऱ्यांसाठी, अर्धं टेकायचं आणि अर्धं उभं राहायचं, असं स्टूल. मी दुकानांतून फिरले, तेव्हा बहुतेक मालकांनी एकच ऐकवलं की बसलेलं माणूस गिऱ्हाइकाला आळशी दिसतं. म्हणून टेकलेली बाई लांबून उभीच वाटेल, अशी त्याची उंची ठेवली. (हे मला पटत नाही. पण प्रकल्प स्टुलाचा होता, मालक बदलायचा नव्हता.) आता आमच्यात पद्धत अशी की एका वस्तूची दोन मॉडेलं करायची. एक दिसायचं आणि एक चालायचं. दिसायचं असतं ते पुठ्ठ्याचं, पण अगदी खऱ्यासारखं रंगवलेलं. त्यावर मांजरसुद्धा बसवायचं नाही. चालायचं असतं ते खरोखर वजन पेलणारं, पण रूपाने भंगारवाल्यानेही नाकारावं असं. माझं चालायचं स्टूल म्हणजे कच्चं प्लायवूड, स्कूटरची जुनी स्प्रिंग आणि सुतळीने बांधलेली उशी. दिसायचं स्टूल मात्र, काय सांगू, सागवान वाटावं असं जमलं होतं! त्याच्यावर "बसू नका" अशी पाटी लावायचं ठरलं होतं. पण पाटीने स्टुलाची शोभा जात होती, म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळी मी ती काढून टाकली.

बाहेरून परीक्षक आले होते ते फर्निचरच्या मोठ्या कारखान्याचे मालक. धिप्पाड, हसरे आणि दिवसभर प्रकल्प बघत उभ्याने फिरून दमलेले. त्यांनी माझ्या दोन्ही स्टुलांकडे पाहिलं, सुतळीवाल्याला वळसा घातला आणि सागवानावर ऐसपैस बसले. पुढे काय झालं ते तू ओळखलंच असशील. आवाज फारसा झाला नाही, पुठ्ठाच तो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच का-बाईंनी "का?" असं विचारलं नाही. साहेब जमिनीवरूनच माझ्याकडे बघत होते. मी मनातल्या मनात पदवीला निरोप दिला. आणि हा देवमाणूस कपडे झटकत उठला आणि म्हणाला, "लोक आधी डोळ्यांनी बसतात, बेटा. तू मला बसवलंस. नोकरी करशील?"

नेमणुकीचं पत्र घरी आलं. काम काय, तर दिसायची मॉडेलं करायची. प्रदर्शनात मांडायची, फोटो काढायचे, पसंत पडेल त्याचं पुढचं दुसरे बघतील. पगार असा की बाबांनी आकडा आधी मनात वाचला आणि मग मोठ्याने. तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नाहीत. त्यांची ऑफिसची जुनी बॅग त्यांनी माझ्यासाठी पॉलिश करून आणली आहे आणि रोज तिची कडी उघडमीट करून बघतात. ते बघितलं की मी काहीतरी निमित्त काढून खोलीत पळते.

कारण मी नाही म्हणणार आहे, आत्या. परीक्षेच्या आधी मी ते सुतळीवालं स्टूल एका घड्याळांच्या दुकानात नेलं होतं. काउंटरमागची बाई त्याच्यावर टेकली. मी कागद पेन घेऊन उभी, कसं वाटलं, उंची बरोबर आहे का, सगळे प्रश्न तयार. ती नुसती डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "संध्याकाळपर्यंत राहू दे ना." त्या दिवशी मला जे वाटलं ते कारखान्याच्या साहेबांनी मला नोकरी दिली तेव्हा वाटलं नाही. साहेब वाईट नाहीत, त्यांचं म्हणणं खोटंही नाही. पण मला सुतळी सोडवून तिथे काय लावायचं, ते शोधायचं आहे. इथे दोघीजणी मिळून एक लहान वर्कशॉप चालवतात, शाळांची बाकं आणि दवाखान्यांचे पलंग करतात. त्या मला घ्यायला तयार आहेत. पगार मोठ्याने वाचण्यासारखा नाही. मला भीती वाटते आहे, खूप वाटते आहे, आणि तरीही मी ठरवलं आहे.

बाकी सर्व ठीक. पायांना जप. रात्री उशीवर पाय ठेवून झोपत जा.

तुझी भाची

ता.क. पत्राचं खरं कारण हे. बाबा कोणाचं ऐकत असतील तर ते तुझं. पत्र मिळालं की त्यांना फोन कर आणि तूच सांग. माझ्याने त्या बॅगेसमोर बोलवत नाही.

ता.क. पुन्हा. घरातला डिंक माझ्या मॉडेलांनी संपवला. बाबा बाहेर चालले आहेत, ते पाकीट चिकटवून टपालात टाकतील. काळजी नको, ते दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतले नाहीत.

ताई, आयुष्यात दुसऱ्याचं पत्र वाचलं नव्हतं, आज वाचलं. मला सांगायला पोरीला तुझ्यापर्यंत जावं लागलं, हे मनाला लागलं. असो. तू फोन कर आणि मला काही ठाऊक नाही असंच बोल. मी थोडा चिडेन. लगेच हो म्हटलं तर तिला वाटेल, बाबांना काही फरकच पडत नाही. मग तू समजाव, मी ऐकेन. फार ताणू नकोस, मला जास्त वेळ चिडता येत नाही. आणि त्या वर्कशॉपवाल्या दोघी हिला जेवायला वेळेवर सोडतात का, तेवढं तिला तू विचार. मी विचारलं तर उघडा पडेन.