भाव ओसरायची वाट

सर, तुम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात टेबलावर मूठभर बोरं ठेवायचात आणि आम्हाला चिंचोके वाटायचात. चिंचोके म्हणजे पैसा. बोली लागायची. मग चिंचोके दुप्पट, बोरं तेवढीच, आणि भाव चढला की तुम्ही गालात हसायचात. "पोट्टेहो, पैसा वाढला म्हणून बोरं नाही वाढत!"

गोसीखुर्दच्या धरणात आपलं गाव गेलं, घरोघरी मोबदला एकदमच आला आणि आसपासच्या शेतांचे भाव तसेच भडकले. सगळे तुमच्याकडे धावले. तुम्ही म्हणालात, "थांबा. वैनगंगेचा पूर ओसरते, तसा भावही ओसरन." लोक थांबले, माझे बाबाही थांबले. पण शेजारच्या गावांचा मोबदला येतच राहिला, आणि धरणाचं पाणी काही पुराचं पाणी नव्हतं. बाबा शेवटपर्यंत दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबले. तुमचा सिद्धांत खरा ठरला, सल्ला तेवढा बुडाला. मला तुमचा फार राग आला होता.

पुढे तुम्ही रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला बांबूची काडी रोवून यायचात, पाणी उतरलं का ते बघायला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काडी तिथे असतेच, हिरवी, नुकती तोडलेली. कोण रोवतं ते कुणालाच ठाऊक नाही. मासे धरणारे त्या बाजूला जाळं टाकत नाहीत. मी एकदा ती उपटून फेकली, तर दुसऱ्या दिवशी त्याच भोकात नवी उभी.

आता हायवे रुंद करताना आम्हा भावांची लाखनीची जागा गेली. मोबदला आलाय, पुन्हा सगळ्यांनाच एकदम. जेवताना दादाने विचारलं, "तू बी तेच शिकवून राहिला ना? सांग मंग, वावर आत्ता घेऊ का थांबू?"

'घे' म्हणायला मी तोंड उघडतो आणि बाहेर पडतं, "थांबा." दादाला मी कधीच अहोजाहो करत नाही. आवाजही माझा नव्हता. वहिनीच्या हातून ताट निसटलं. तीही तुमचीच विद्यार्थिनी. "सर बोलले का जी?" ती पुटपुटली.

मी तोंडावर पाणी मारून आलो आणि ठणकावून सांगितलं, "दादा, आजच घे." त्याने घेतलं. भाव अजून चढतोच आहे, तो वाचला.

हे पत्र त्या पाण्यात सोडणार होतो, पण राहू दे. माझा हिस्सा अजून बँकेतच पडून आहे. तुम्हाला खोटं पाडायची हिंमत मला होत नाही, सर.