आठ पेले आणि पाठमोरा माणूस

बुसान, २ मार्च २००९

ती. आईस मिरानचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला आता ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तू पाठवलेलं समुद्रशेवाळ पोचलं, ह्यांनी एकट्यानेच फस्त केलं.

आता हसू नकोस. काल दुकानात भविष्य विचारायला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तुझ्यासाठी टॅरोचा एक पत्ता काढला. यंदा आई शिंपल्यांसाठी समुद्रात उतरली तर काय होईल, एवढंच विचारलं. चित्राची नक्कल सोबत आहे. आठ पेले रचलेले, आणि लाल झग्यातला माणूस त्यांच्याकडे पाठ करून पाण्याच्या कडेने निघालेला.

हाच पत्ता गेल्या वर्षी नववर्षाला मी तुझ्या शेजारच्या चुनवल मावशीसाठी काढला होता. लांबचा प्रवास घडेल, असं मी तिला हसत सांगितलं. या वयात मला कोण नेतंय, म्हणाली. मे महिन्यात तुम्ही पाणबुड्या बायकांनीच तिचं प्रेत पाण्यातून काढलंत. या पत्त्याचा खरा अर्थ काय, ते मला अजून कळत नाही. पुस्तकात ‘सोडून जाणे’ एवढंच आहे. आई, मला फार भीती वाटते. यंदा उतरू नकोस.

माया आहे तशीच ठेव, आणि रागावलीस तर पत्रातच रागाव.

तुझी मिरान


हादो, ७ मार्च

चि. मिरान हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी ऑक्टोपसला भ्यायचीस, आता कागदाला भितेस. जावईबापूंना म्हणावं, हिला रोज गरम सूप पाजा.

तुझं चित्र मी किनाऱ्यावरच्या शेकोटीपाशी सगळ्या पाणबुड्या बायकांना दाखवलं. कोणाला कोडं पडलं नाही. अगं, तो मरायला निघालेला नाही, तो वाचलाय. समोर माल आहे, दम संपत आलाय, आणि हा शहाण्यासारखा पाठ फिरवून निघाला. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. चुनवल सापडली तेव्हा तिची शिंपले उचकटायची लोखंडी पट्टी अबलोन शिंपल्याखाली अडकली होती आणि पट्टीचा फास मनगटात होता. फास सोडून वर आली असती तर आज माझ्याशेजारी लसूण सोलत बसली असती. पत्ता तिला सोड म्हणत होता, तू प्रवास सांगितलास. असू दे, माणूस चुकतं.

सोमवारी, सोळाला, भरती-ओहोटी जुळते आहे. उतरणार. तब्येत सांभाळ, आणि म्हातारीवर जीव असू दे.

तुझी आई


बुसान, १२ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

‘असू दे’ असं तू सहज लिहिलंस. पत्र आलं तेव्हापासून मी दुकान उघडलेलं नाही. मी नीट सांगितलं असतं तर मावशी फास सोडून आली असती का? जेवायला बसले की हेच डोक्यात येतं. ह्यांनी दोनदा समजूत घातली, तिसऱ्यांदा चिडले.

आणि पहिल्या दिवशीचा तो धडा ठाऊक असूनही मावशी बुडाली, तर तुझ्या शहाणपणावर मी कशी विसंबू? सोमवारी उतरू नकोस. पाया पडते तुझ्या.

मिरान


हादो, १७ मार्च

चि. मिरानला आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं, आणि तरी मी काल उतरले. दुपारी कपारीत पंजाएवढा अबलोन दिसला. दम जेमतेम वर यायला पुरेल एवढा होता. चुनवल आठवली, तुझं पत्रही आठवलं, आणि तरी मी पट्टी घातली. त्याने ती आवळून धरली. फास मनगटात रुतला. मी ओढतच राहिले. मग फास निसटला. मी सोडला नाही, मिरान, तो निसटला, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तेव्हा चुनवलला तू काहीही सांगितलं असतंस तरी तिने हेच केलं असतं. तिचं मरण तुझ्या माथी नाही. मी तसं लिहायला नको होतं.

बायकांना सांगितलंय, गुडघा धरलाय. खरं म्हणजे पाणी दिसायला नको म्हणून समुद्राकडची खिडकी लावून बसले आहे. त्रेपन्न वर्षांत असं झालं नव्हतं. शुक्रवारी सगळ्या पुन्हा उतरतील, मला हाक मारतील, आणि मला नाही म्हणता येणार नाही. दुरून तो माल दिसायला लागलाय मला, झोपेतसुद्धा.

शुक्रवारच्या आत ये आणि मला घेऊन जा. मी नको म्हणेन. ऐकू नकोस.

तुझी आई