जिगचा दुसरा भाग

काका, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

दोन हजार दोन साली मॉरिसव्हिलच्या तुमच्या स्वयंपाकघरात आपण दर रविवारी सकाळी बसायचो. ऑफिसात तुम्ही माझे मॅनेजर, घरी मात्र काका. काकू पोहे परतत असायच्या, तुमच्या मांडीवर गिटार, माझ्या तोंडाशी माउथऑर्गन. अमेरिकेत नवे असताना तुम्ही एका आयरिश म्हाताऱ्याकडे भाड्याने राहिलात आणि त्याच्या जुन्या धुना नुसत्या कानाने उचलल्यात. मलाही तशाच शिकवत होतात. मी एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला लागलो की तुम्ही गिटार थांबवायचात. "मींड घेऊ नकोस रे. ही जिग आहे, नाट्यगीत नाही. लोक यावर नाचतात." काकू हसायच्या. त्या देशात आपलं म्हणावं असं मला तेवढं एकच घर होतं.

त्या वर्षी कंपन्या धडाधड माणसं काढत होत्या. बायको पुण्यात कॉलेजात शिकवत होती. तिने नोकरी सोडून यावं की थांबावं, यावर आमचं घोडं अडलं होतं. एका रविवारी मी तुम्हाला सरळच विचारलं, "काका, तिला रिझाइन करायला सांगू का? माझा जॉब सेफ आहे ना?" तुम्ही गिटारची खुंटी पिळता आहात, तारेला कान लावता आहात, माझ्याकडे बघत नाही. "आधी हा दुसरा भाग नीट बसव," म्हणता. जिगचे भाग दोन, दोन्ही दोन-दोनदा वाजवायचे. माझा दुसरा कायम लंगडायचा. निघताना तुम्ही कपाटातून नवा माउथऑर्गन काढून दिलात, डी पट्टीचा, म्हणजे आपली पांढरी दोन. "बऱ्याच धुना यात बसतात. राहू दे तुझ्याकडे." मी वाकून नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की अजून अंगाची लाही होते.

मंगळवारी मीटिंग रूममध्ये एचआरच्या बाईशेजारी तुम्हीच बसला होतात. ती माझ्यापुढे कागद सरकवत होती, तुम्ही टेबलाकडे बघत होतात. बाहेर आल्यावर हळूच म्हणालात, "लिस्ट तीन वीक्सपूर्वीच फायनल झाली होती रे. सांगायची परमिशन नव्हती." तीन आठवडे म्हणजे तीन रविवार, आणि तिन्ही रविवारी मी तुमच्याकडे पोहे खाल्ले होते. परमिशनचं मला कळतं, मी काही दूधखुळा नाही. पण "थांब जरा" एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागते? तिने सोमवारीच राजीनामा दिला होता. व्हिसा गेला, मी परत आलो, आणि कॉलेजने तिला पुन्हा घेतलं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

तुम्ही गेल्याचं सांगायला काकूंचा फोन आला, तेव्हा बायको बोलायलाच आली नाही. "ज्या माणसाने मला नोकरी सोडायला लावली, त्याच्यासाठी मी काय रडू?" म्हणाली. हे पत्र काकूंच्या पत्त्यावर पाठवता येईल, पण पाठवणार नाही. तुम्ही त्या दिवशी हो म्हणाला नव्हतात. ती लवकर यावी म्हणून मी उतावीळ झालो होतो, आणि त्या संध्याकाळी फोनवर "काका हो म्हणाले" असं तिला मीच सांगितलं. तिला ते अजून माहीत नाही.