फ्लेक्सवरचा दादा

८ सप्टेंबर
दादा आला. उजवा पाय गुडघ्याखाली नाही, हे फोनवर कळलं होतं. तरी गाडीचं दार उघडल्यावर मी आधी तिकडेच बघितलं आणि त्यानं मला बघताना पकडलं. आईनं दारात पायावर पाणी घालायला तांब्या वाकवला आणि तशीच थांबली.

९ सप्टें.
कॉलेजला जाताना फाट्यावर फ्लेक्स. दादाचा वर्दीतला फोटो, खाली 'वीर जवान अमर रहे'. अमर रहे! पौडच्या फ्लेक्सवाल्याला फोन लावला.
"ताई, घाईत जुनंच डिझाईन घेतलं वो. फोटो बदलला, खालचं ऱ्हायलं."
राहिलं म्हणे.
उतरवेपर्यंत कुणीतरी त्याचा फोटो दादाला व्हॉट्सॲपवर पाठवलासुद्धा. तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा.
"चुकलंय कुटं? बराबर हाय की."

१३ सप्टें.
फ्लेक्स उतरला, दादा काही त्यातून उतरत नाही. चार दिवस नुसत्या चहावर. आईनं ताट ठेवलं तर म्हणतो, "मेलेल्याला कशाला वाढतीस?" चेष्टेनं नाही, अगदी शांतपणे. आई रडायला लागली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मग पितरं चालूच हायती, गच्चीवर ठेवते पान."
"चालंल," म्हणाला.
असं कसं बोलले मी? माफी मागायला गेले तर दाराला आतून कडी.

१५ सप्टें., दुपार
सकाळी स्वतःहून म्हणाला, "सोने, मला धरणावर ने." आई इतकी खूश की शर्टाला इस्त्री करून दिली. स्कूटरवर माझ्यामागे बसून सगळा रस्ता बोलत होता. मी लहानपणी त्याच्या खांद्यावरून उतरायचेच नाही, वगैरे. इतकं गोड तो कधी बोलत नाही.
पाण्याजवळ कुबड्या घेऊन उतरला. "तासाभरानं ये. वळणाच्या पल्याड थांब."
"मी हितंच बसते, बोलणार न्हाई."
"जित्या माणसाला घटकाभर एकटं बसू देशील का न्हाई?"
जिता म्हणाला, स्वतःला. म्हणून ऐकलं मी. पण मी ऐकावं म्हणूनच तर म्हणाला नसेल?
केमिस्ट्रीच्या वहीत मागे लिहितेय. बावीस मिनिटं झाली. इथून तो दिसत नाही. हाक मारली तर पुन्हा कधी माझ्याबरोबर बाहेर पडणार नाही. नाही मारली तर