आधी दाढेवर बोट ठेवा

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज दुपारी मी तुमच्याशी मोठ्याने भांडले. दवाखान्यात, तुमच्याच खुर्चीसमोर उभी राहून. पेशंट नव्हता म्हणून बरं.

समोरच्या बिल्डिंगमध्ये नवीन डेंटल क्लिनिक आलंय. काचेचा दरवाजा, आत एसी, आणि इंटरनेटवर शेकड्यांनी रिव्ह्यू. आपले एकोणीस, त्यातले दोन घरचेच. विरारला नव्याने राहायला येणारी माणसं हल्ली शेजाऱ्याला विचारत नाहीत, फोनवर तारे बघतात आणि मग पायरी चढतात. मला याचा संताप येतो, पण संतापाने खुर्ची भरत नाही. म्हणून तुमची जुनी रजिस्टरं काढली आणि जे मोबाइल नंबर अजून लागतात त्यांना मेसेज पाठवला, 'आमच्या दवाखान्यातला तुमचा अनुभव मनमोकळेपणाने लिहा.' मनमोकळेपणाने हा शब्द माझाच. हौस!

त्या एकोणीस जणांपैकी निम्म्यांनी एकच गोष्ट लिहिलीय. इथे दात काढण्याआधी पेशंटच्या हातात आरसा देतात, त्यालाच दुखऱ्या दाढेवर बोट ठेवायला लावतात, 'हीच' असं त्याच्या तोंडून वदवून घेतात आणि मगच इंजेक्शन देतात. तुमचा नियम. तो मला कसा शिकवलात, आठवतं? मी नुकतीच पास होऊन तुमच्या हाताखाली उभी आहे. बाहेर गर्दी आहे. घाईत मी आरसा द्यायला विसरते आणि डाव्याऐवजी उजव्या बाजूला इंजेक्शन देते. दात काढला नव्हता, बाबा. नुसता गाल बधिर झाला होता, थोड्या वेळाने उतरला असता. तुम्ही माझ्या हातातून सिरिंज घेतलीत आणि बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "जिला डावं-उजवं कळत नाही, तिने लोकांच्या तोंडात हात घालू नये." मी ॲप्रन काढून ठेवला तो ठेवलाच. जूचंद्रला दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी धरली. चार वर्षं आपण फक्त आईच्या मार्फत बोललो, आणि मग तुम्ही गेलात. मी परत आले ती तुमची पाटी उतरवायला, आणि ती काही उतरवली नाही.

तर आज सकाळी अर्नाळ्याची मावशी आली. बाजारात मासळी विकायची, तुमची अगदी सुरुवातीपासूनची पेशंट. मेसेज नातीच्या फोनवर गेला होता, म्हणून नातीला घेऊनच आली.

"डाक्टरीन, मना लिवता येत नाय. मी बोलतं, ही लिवंल." मग नातीकडे वळून म्हणाली, "लिव. डाक्टरनी माजी बरी दाड काडली."

मला वाटलं ती दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय. तिने तोंड उघडून जागा दाखवली.

"दुकत व्हती मागची, काडली पुडची. दवाखाना तवा नवाच व्हता. मंग दर रव्वारी आमच्या घरी येयाचे, हात जोडून बसायचे. माजी सासू आदी पानी पन देत नव्हती, मंग बोंबील बांदून देयाला लागली. म्हनले, माजं चुकलं, पन कोनाला बोलू नका, माजी पोर ल्हान हाय. मी आजवर कोनाला बोलली नाय. आता ते गेले. चुकल्यावर घरी येनारा डाक्टर कोन बगितलाय? लोकांना कलू दे."

रविवार! रविवारी तुम्ही पिशवीतून ताजे बोंबील आणायचात, आई ते तांदळाच्या पिठात घोळवून तळायची आणि मी ओट्याला टेकून पहिला तुकडा मागायची. तुम्ही स्वतः एकही खायचा नाहीत. आम्हाला वाटायचं, तुम्हाला काट्यांचा कंटाळा. मी सगळ्यात जुनं रजिस्टर उघडलं. तिच्या नावापुढे तुमचं अक्षर, 'दाढ काढली.' त्याखाली चार रविवार, 'घरी जाऊन पाहिलं.' कुठली दाढ, ते नाही. दुधाच्या दाताचाही नंबर लिहिणारे तुम्ही, तिथे जागा कोरी सोडलीत.

म्हणजे तो आरसा, ते बोट, ते 'हीच', सगळं या एका दाढेपायी. आणि हे पोटात ठेवून तुम्ही मला चारचौघांत फाडलंत. एक वाक्य बोलायचं होतं, बाबा. 'माझ्याही हातून झालं होतं,' एवढंच. मी रडले असते आणि दुसऱ्या दिवशी आरसा हातात घेऊन कामाला लागले असते. त्या बाईच्या सासूपुढे तुम्हाला हात जोडता आले, पोटच्या पोरीपुढे तोंड उघडता आलं नाही. चार वर्षं घालवलीत तुम्ही आपली. मला याची चीड येते, आणि ती ऐकून घ्यायला तुम्ही नाही आहात, याची त्याहून जास्त.

"मॅम, असंच टाइप करू ना?" नातीने विचारलं. मावशी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तुमची आठवण म्हणून जपलेली वस्तू ती जणू माझ्या हातात देत होती. मी खिडकीतून समोरचा काचेचा दरवाजा पाहिला.

"मावशी, जुनं कशाला आता," मी म्हणाले. "डॉक्टर चांगले होते, एवढंच लिहा."

तिने नातीला मान हलवून खूण केली. मग पदर सावरत उठली. "बरा. मंग नाय बोलत कोनाला."

विसावा रिव्ह्यू आलाय. पाच तारे, 'डॉक्टर चांगले होते.' खाली मी दवाखान्यातर्फे धन्यवाद लिहिलंय. त्यानंतर दार लावून घेतलं आणि तुमच्यावर ओरडले.

हे पत्र रजिस्टरात तिच्याच पानात ठेवते आहे. दाढेचा नंबर मला आता ठाऊक आहे, पेनही हातात आहे. ती जागा मी कोरीच सोडली.