परात मी धरली होती

प्रिय बाबा,

आज आईशी दोनदा फोनवर बोलले. दुसऱ्यांदा तिनं मध्येच फोन ठेवला. आता बोलायला तुम्हीच उरलात!

पहिला फोन तिचाच. "तुह्या काकाचे डोये पिवळे झाले. रविवारी हात धुवाले नेऊन राह्यलो." पुन्हा तेच?

आठवतं, मेहकरकडचं ते गाव? कावीळ उतरवणारा म्हातारा तुमच्या हातांवर चुन्याचं पाणी ओतत होता आणि खाली परात धरून मी बसले होते. पाणी पिवळंधम्मक झालं. "पाह्यलं का, किती निंघाली!" म्हणत केवढे खुशीत हसलात! हाताला आधी चोळलेल्या झाडाच्या सालीच्या रसानं चुना पिवळा होतो, हे एम.एस्सी. करणाऱ्या तुमच्या पोरीला कळत होतं. तरी मी गप्प. तुमचं हसू मोडवलं नाही हो.

असे तीन रविवार गेले. मग अकोल्याला नेलं. यकृताचा कॅन्सर, तोही पसरलेला.

तुम्हीही कमालच केलीत. पोटात दुखलं की सोडा प्यायचा आणि "गॅस झाला" म्हणायचं. मला एकदा तरी सांगायचं ना!

आता नागपूरच्या प्रयोगशाळेत मी हेच काम करते. यकृताच्या गाठीच्या तुकड्यात कोणती जनुकं जोरात चालू आहेत, कोणती गप्प पडलीत, ते मोजायचं. त्यावरून गाठ कॅन्सरची आहे का, कितपत वाईट आहे, ते ओळखायचं. पेशी यकृताचं काम जितकी विसरली, तितकं दुखणं जहाल. तुकड्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. तरी प्रत्येक तुकडा मला तुमचाच वाटतो.

लवकर कळलं असतं तर वाचला असतात का? आजही सांगता येत नाही. ते तीन रविवार मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

आमची ही तपासणी अजून गावापर्यंत पोचलेली नाही, बाबा. काकांना आधी साधी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी हवी. आईला उलट फोन करून तेच सांगितलं. चुन्याचंही सांगितलं.

मग आई म्हणाली, "तुले तवाच माहीत होतं?"

"हाव," मी म्हणाले. तिनं फोन ठेवला.

शनिवारी घरी, अमडापूरला जातेय. आई माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. न बोलली तरी काकांना दवाखान्यात मीच नेणार. शब्द देते बाबा, कुणी कितीही खुशीत हसलं तरी मी आता परात धरणार नाही.

तुमची,
बबी