लॉरेनची शिंपल्यांची माळ

वादी कबीर,
९ नोव्हेंबर २०१४

चि. सौ. विशाखास अ. आ.

चार दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहून तुझ्या नवऱ्याच्या हाती देते आहे. एकनाथ माझाच भाऊ, पाकीट फोडणार नाही.

रेवाच्या साखरपुड्याला तू माझी माळ नेलीस. परत आली ती माझी नाही. माझी माळ माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या लॉरेनने केली होती. ती अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोची, तिथल्या मूळच्या प्वेब्लो लोकांतली. शिंपले आणि पिरोजा फोडून, एकेका तुकड्याला भोक पाडून, सगळी माळ दोऱ्यात ओवून तिने दगडावर घासली. हातातून पाण्यासारखी सरकायची. ही अडकते. शिवाय तळाचे दोन छोटे वेढे कानांत घालायचे असतात, एरवी माळेला बांधून ठेवतात. तुझ्या कारागिराला ते लोलक वाटले, त्याने पक्के शिवून टाकले!

लॉरेन आता नाही. दुसरी माळ होणार नाही. खरी कुठे आहे?

प्रभाताई

वादी अदाई,
११ नोव्हेंबर

ती. प्रभाताईंना सा. न. वि. वि.

रेवा म्हणते, आत्या आता मण्यांचेही पेपर तपासते. तुमच्यापुढे खोटे टिकणार नाही, म्हणून सांगते. विहीणबाईंची नजर माळेवरून हलेना. कुणी केली विचारले, आणि माझ्या तोंडून मीच, असे निघून गेले. मग त्यांना ती द्यावीच लागली, आणि तुमच्यासाठी फोटोवरून दुसरी करवून घेतली. लग्न तीन आठवड्यांवर आहे. पोरीकडे पाहून सोडून द्या ना. रागावलात तरी माया कमी करू नका.

विशाखा

वादी कबीर,
१२ नोव्हेंबर

चि. सौ. विशाखास अ. आ.

रेवाला धक्का लागणार नाही. तुला लागेल. शुक्रवारी चार वाजता मी विहीणबाईंकडे चहाला जाणार आहे. भोके कशाने पाडलीस, ते तुला शेजारी बसवून विचारीन. नको असेल तर त्याआधी एकटी जा, माळ कुणाची ते स्वतःच्या तोंडाने सांग आणि मागून आण.

माया हवी असेल तर वेळेत ये.

प्रभाताई

पोच. शुक्रवार, १४ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन. एकनाथसमोर.

मिळाले: लॉरेनची माळ एक, वेढे दोन. सोडून पाहिले, सुटले.

दिले: नकली माळ एक, विशाखास. लग्नात तिने हीच घालायची. विहीणबाईंच्या शेजारी मी खरी घालून बसेन.

सही: प्रभावती.
सही: विशाखा.